जोडीदाराच्या तोडीचं मशीन

अण्णा, आता म्हणे मोबाइलमधलं बुद्धिबळ जगातल्या कुणालाही हरवतं. ऐकलं आणि तुमचाच आवाज कानात आला, "आमच्या जोडीदाराला हरवून दाखव म्हणावं!" तुमचं माप तेवढंच. चुडावा स्टेशनवर काम करणारे तुमचे पटावरचे जोडीदार. नामांतराच्या दंगलीत गावानं त्यांना राहू दिलं नाही. ते गेले आणि तुम्ही पट गुंडाळून माळ्यावर टाकलात. आईमागं घर आधीच मुकं होतं, मग तर लयच झालं.

पुढं भावानं दुबईहून बुद्धिबळाचं मशीन आणलं. मोतीबिंदूमुळं त्याचे बारके दिवे तुम्हाला दिसायचे नाहीत, म्हणून मी माहेरी आले की समोर बसायचे. तुमची चाल दाबायची, दिवा बघून त्याची सोंगटी हलवायची. तुम्ही एकेक पायरी चढवून त्याचं बळ जोखायचात. "चौथीला बी कच्चंच हाय. जोडीदाराच्या नखाची सर न्हाई." राजानं एकदा घोड्यागत उडी मारायची ही आपली रीत त्याला मंजूर नव्हती, ते टूं करून ओरडायचं. तुम्ही चिडायचात, "मोठं आलंय शहाणं, राजाला हुकूम सोडायलंय!" बघून बघून मलाही खेळ आला होता. येतो का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. राग यायचा हो मला.

त्या दुपारी डाव अर्ध्यावर असताना दिवे विझले. सेल संपले. सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता, म्हणून मी गुपचूप स्वतःच खेळायला लागले. तुम्ही राजाची उडी मारलीत. मशीन ओरडलं नाही. मी घोडा पुढं आणला. तुम्ही पटावर वाकलात, जरा थांबलात. "आज जोडीदाराच्या तोडीचं खेळायलंय की!" डाव तुम्हीच जिंकलात. सोंगट्या डब्यात टाकताना म्हणालात, "सेल आणायची घाई करू नको."

सेल संपल्याचं मी बोललेच नव्हते, अण्णा. हे ध्यानात यायला इतकी वर्षं लागली, आणि आता हे पत्र टाकू कुठल्या पेटीत? तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा चिक्कूपणा! सासरी पाथरीला पोचले आणि लगेच तुमच्याकडं येणाऱ्या माणसाजवळ नवे सेल पाठवून दिले. त्यानंतर आले ती तुमच्या मातीलाच. सेल कोनाड्यात होते. वरचा कागदसुद्धा तुम्ही काढला नव्हता.