मोटारीखालचा छाप

धनेशदादा,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.

आज सराफ्यातल्या पारसजींनी बोलावलं. तोंडाला गमछा बांधलेलं एक गिऱ्हाईक चांदीची छोटी मोटार, कारागीर ओळखून द्या म्हणून, ठेवून गेलं होतं. पारसजींनी ती उलटी केली. "दीदी, छाप देखो. अपने धनेश भिया का ही है ना?"

'ध', डावा कोपरा तुटलेला. तो छाप मारायचा तुझा ठसा तुझ्यामागे घरात सापडलाच नव्हता. नंबरप्लेटवर माझ्या गाडीचा नंबर होता. ती गाडी मी गेल्याच महिन्यात घेतली.

बारा वर्षांपूर्वी देपालपूरच्या रस्त्यावर जळालेला देह मी तुझा म्हणून ओळखला, केवळ हातातल्या कड्यावरच्या या छापावरून. छाप घडवणाऱ्याचा असतो, घालणाऱ्याचा नाही, हे सोनाराच्या मुलीला सुचू नये? की सुचलं होतं? ओळख पटल्याच्या माझ्या त्या सहीवर वहिनीने दुसरा संसार मांडला. तिला आता सात वर्षांची मुलगी आहे.

मी म्हटलं, "नहीं पारसजी, ये दादा का नहीं है."

"गिराक भी यही बोल के गया था," ते म्हणाले, "कि बहन नहीं पहचानेगी."

राजवाड्यापर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तुझी,
शर्वरी