सुई आमच्यासमोर उकळा

पातूर, मंगळवार, ८ सप्टेंबर १९५९

अजून राग शमलेला नाही. शेजारच्या गंगूला कावीळ झाली तर विहिरीवर बायका तिच्यापासून लांब सरकतात. काहून? गंगूनं जिथं सुई घेतली, त्याच दवाखान्यात टोचून घेतलेल्या आणखी तिघी पिवळ्या पडल्या, ते कुणी बोलत नाही. एकच सुई सगळ्यांना, नुसती पाण्यात बुचकळून. अकोल्याची माझी नर्स बहीण म्हणते, कावीळ अशा सुईतूनही जाते.

आज शाळा सुटल्यावर गंगूला घेऊन दवाखान्यात गेले. विहिरीवरच्याही चौघीजणी मागून आल्या, हे नवलच. मी म्हटलं, "डॉक्टर, सुई आमच्यासमोर उकळा."

"मास्तरीणबाई, तुमी मले डॉक्टरकी शिकवून राहिल्या काय?"

मनात आलं, खरंच, मी कोण सांगणारी? तर गंगूच पुढं झाली. "नाई जी. आमी पाहून राहिलो. उकळल्याबिगर कोनाच्या दंडाले सुई लावू देनार नाई."

सगळ्या जणी बाकावर बसल्या, हलेनात. शेवटी डॉक्टरांनी कंपाउंडरला स्टोव्ह पेटवायला सांगितलं आणि चिडून म्हणाले, "हे रोज नाई चालनार."

गंगू म्हणाली, "मंग आमी रोज येऊ."