माशीला पेरूच हवा

४ जून
पुन्हा पिंजरेच. आंबा, पेरू, केळं शेजारी शेजारी ठेवलं आणि फळमाश्या सोडल्या. माद्या सरळ पेरूवर! तिथेच अंडी घातली. आंब्यावर थोड्या. केळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. हाताचा वास काही केल्या जात नाही. जेवण नकोसं झालंय.

११ जून
फळं चिरली. पेरूतल्या अळ्या चांगल्या पोसलेल्या, कोषात जायला फळांखालच्या वाळूत उतरायलाही लागल्यात. आंब्यातल्या अजून बारीक. साहेब खूश. म्हणाले, "म्हणजे आंब्याच्या बागांना माशी पुरवतो तो पेरू. अहवालात घाला — आंब्याच्या पट्ट्यातला पेरू काढून टाकावा."
मी मान डोलावली. त्या पट्ट्यात पेरूची बाग एकच. ताईची.

१६ जून
प्रयोग पुन्हा केला. फळं बदलली, जागा बदलल्या. पेरूच.

१९ जून
ताईकडे गेलो. दाजी गेल्यावर एकटीने उभी केलेली बाग. माझं शिक्षणही त्यातूनच झालं. ती खाली पडलेले पेरू टोपलीत भरत होती. सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. तिने हातातला पेरू फोडला. आत वळवळ.
"तुझ्याकडे आहेत त्याच ना या?"
"हो."
"मग मला विचारायला कशाला आलास?"
"विचारायला नाही. सांगायला."
टोपली उचलून आत गेली. बस म्हणाली नाही. असं कधी झालं नव्हतं.

२३ जून
अहवाल दिला. खाली एक ओळ जोडली होती — फळांना पिशव्या बांधून, पडलेली रोज पुरून भागतं का, ते आधी बघावं. साहेबांनी ती खोडली. "बहिणीची बाग ना तुमच्या?" ओळ चुकीची नव्हती. पण कोणासाठी लिहिली, ते मलाच सांगता येईना.

३० जून
खात्याचा हुकूम निघाला. ताई फोन उचलत नाही. दिवसभर पिंजरे धुतले.

१ जुलै
तेच.

५ जुलै
ताईचा फोन. "उद्या झाडं तोडायला येतायत. मला एकटीला नाही बघवणार. सकाळी ये."