रिकाम्या पोटी, तीर्थासह

९ जानेवारी २०१७
आजपासून रोजनिशी. कारण जानकी. रिपोर्ट आला. थायरॉइड फार कमी काम करतो म्हणे. बत्तीस वर्षांची पोर, झाशीजवळ बिजौलीच्या फॅक्टरीत अकाउंट्स बघते आणि दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपते. केस गळतात, चेहरा सुजतो. मला मोबाइलचा संशय होता.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, मग तासभर काही खायचं-प्यायचं नाही. जानकी म्हणाली, बाबा, मी घेईन ना. मी म्हटलं, हे खातं माझ्याकडे. रेल्वेत हेडक्लार्क होतो. अख्ख्या ऑफिसच्या रजा सांभाळल्या, एका गोळीची काय कथा!

तिला लखनौच्या ऑफिसात बढती मिळायची आहे. साहेब म्हणाले, पहले तबियत ठीक करो. माझी ना नाही. आधी रिपोर्ट नॉर्मल, मग लखनौ. असं ठरलं.

१० जानेवारी, सकाळी ७
व्यवस्था चोख. आमच्या घराण्यात सकाळी तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पूर्वज पेशव्यांबरोबर झाशीला आले तेव्हापासूनची रीत. तेव्हा पूजा झाली की तीर्थाची पळी, पळीतच गोळी, आणि पुढे तासभर मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून.

आमचं तीर्थ म्हणजे पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. शकुंतलेने विचारलं, अहो, पण गोळीबरोबर दूध चालतं का? सौभाग्यवतींना शांतपणे समजावलं, तीर्थाने एकादशीचा उपास मोडत नाही, तर रिकामं पोट कसं मोडेल? ती काही बोलली नाही. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
जानकीने तास व्हायच्या आत चहा मागितला. दिला नाही. बिनचहाची ऑफिसला गेली. घरात शिस्त येते आहे.

शेजारचे गोपाळराव सर्व रोगांचे जाणकार आहेत. म्हणाले, कोबी विष आहे. घरात दोन गड्डे होते. गोपाळराव स्वतः घेऊन गेले. असे शेजारी हल्ली मिळत नाहीत.

६ मार्च
रिपोर्ट. आकडा उतरायच्या ऐवजी चढला. डॉक्टरीणबाईंनी जानकीला विचारलं, गोली रोज़ लेती हो? ती हो म्हणाली. खाली पेट? मी मध्येच म्हणालो, एकदम खाली पेट, मैं खुद देता हूँ. बाईंना बरं वाटलेलं दिसलं. डोस वाढवला.

संकल्प: उद्यापासून जानकीला रोज किल्ल्यापर्यंत फिरवून आणणे. पाऊस असो, ऊन असो.

७ मार्च
निघालो. चौकापर्यंत मला दम लागला. जानकीने ई-रिक्शा करून मला घरी आणलं. वाटेत गरम जिलबी. तिने घेतली नाही, तास व्हायचा होता ना. मी घेतली. माझा थायरॉइड ठीक आहे.

८ मार्च
टाच दुखते. संकल्प तूर्त स्थगित.

२० एप्रिल
रिपोर्ट जिथल्या तिथे. डोस पुन्हा वाढवला. बाई म्हणाल्या, समझ में नहीं आ रहा. मला मात्र आलं. गोळी एकटी पडते आहे, तिला जोर मिळायला हवा. उद्यापासून पळीऐवजी वाटी. दही घरचं, दाट, वरची साय धरून.

२१ एप्रिल
वाटीभर दिलं. जानकी म्हणाली, बाबा, इतकं सारं? मी म्हटलं, तीर्थाला इतकं-तितकं म्हणू नये. प्यायली गुणी पोर.

११ मे, दुपार
बाहेर भट्टी. घरात जानकी चादर पांघरून बसलेली, वर कूलर बंद करते. थंडी वाजते म्हणते. झाशीत, मे महिन्यात! मी चालू करतो, ती बंद करते. शेवटी मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलो. बापाने एवढं करायलाच हवं.

रात्री
लखनौच्या साहेबांचा फोन आला होता. जुलैअखेरपर्यंत वाट पाहतील, मग जागा दुसऱ्याला. जानकी ठीक है सर म्हणाली आणि खोलीत गेली. शकुंतला म्हणाली, रडली.

फोनचं कळलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. जाणार नाही म्हणून. नंतर फार वाईट वाटलं. माझी हसरी पोर चार महिने भिंतीकडे तोंड करून झोपते आहे, आणि मला बरं वाटतं म्हणजे काय?

संकल्प: वाटी मोठी घेणे.

२९ मे
हे लिहायलाच हवं असं नाही. लिहितो.

आज पुन्हा रक्त तपासायचं होतं. गोळी त्यानंतर द्यायची होती, म्हणून पंचामृत स्टीलच्या डब्यात भरून दवाखान्यात नेलं. रक्त दिल्यावर तिथेच बाकावर वाटी काढली, गोळी काढली, पदर नाही म्हणून रुमाल धरला. डॉक्टरीणबाई नेमक्या तिथून चालल्या होत्या. ये क्या है, अंकल? मी म्हटलं, तीर्थ. इसमें क्या है? मी म्हटलं, कुछ नहीं, दूध, दही, घी, शहद, शक्कर.

बाई बाकावर बसल्याच. रोज़? रोज़. गोली के साथ? मी अभिमानाने म्हटलं, जनवरी से, एक दिन नागा नहीं. त्या म्हणाल्या, आप तो कहते थे खाली पेट! मी म्हटलं, खाली पेट ही तो है, तीर्थ को खाना थोड़े ही कहते हैं.

मग त्यांनी सांगितलं. दुधा-दह्याबरोबर ही गोळी अंगाला नीट लागतच नाही. डोस त्या वाढवत होत्या आणि वाटी मी. रांगेतले सगळे ऐकत होते. जानकी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. जानेवारीपासून पहिल्यांदा. तिने चिडायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

घरी शकुंतला एक शब्द बोलली नाही. आज ते पटलेलं नसावं असा संशय आला.

१० जून
नवी व्यवस्था. जानकी गजर लावून उठते, साध्या पाण्याबरोबर स्वतः गोळी घेते. तीर्थ संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. देवाने तक्रार केलेली नाही. माझ्याकडेही जबाबदारीचं काम आहे: सकाळी तासभर तिच्या खोलीकडे न फिरकणे. उत्तम चालू आहे. आज फक्त दोनदा गेलो.

२ जुलै
जानकीने कूलर स्वतः चालू केला. फुल्ल. वर खुर्ची ओढून बरोब्बर समोर बसली. मला वारा मिळेना. मी भांडलो, तीही भांडली, हिंदीत, मोठ्या आवाजात. फार दिवसांनी इतकं छान भांडण झालं.

१३ जुलै
रिपोर्ट नॉर्मल! बाईंनी उलट डोस कमी केला. गोपाळरावांना सांगितलं, नियमितपणाचं फळ आहे, पाया जानेवारीत माझ्या हातून घातला गेला. ते म्हणाले, कोबीचं. ज्याला त्याला श्रेय हवं असतं.

लखनौला होकार कळवला. मीच म्हटलं, कळव. आवाज नीट होता माझा.

१ ऑगस्ट
स्टेशनवर सोडून आलो. गाडी वेळेवर. उगाच.

२ ऑगस्ट, सकाळ
सहाला जानकीला फोन केला, गोळीची आठवण द्यायला. केव्हाच घेतली म्हणाली. म्हटलं, आता तासभर काही घेऊ नकोस. ती म्हणाली, माहीत आहे बाबा, तुम्ही चहा प्या.

पूजा केली. सवयीने मोठी वाटी भरून पंचामृत झालं. शकुंतलेला शुगर, ती नुसतं बोट लावते. बाकी मीच प्यालो. घर फार शांत आहे. कूलरचा सगळा वारा मला येतो. मला नको आहे.

उद्यापासून पळीभरच करायचं.