ओली ठेवलेली जखम

बाबा, तुमच्या नावावर मी खपवलेलं एक खोटं आज उघडं पडलं.

रोह्याच्या दवाखान्यात मी आता ड्रेसिंग करते. शिकले मात्र पेणला, आपल्या स्वयंपाकघरात. तुम्ही कंपाउंडर, सकाळी दवाखान्यात जाण्याआधी घरीच लोकांच्या जखमा बांधायचात. स्टोव्हवर पट्ट्या उकळतायत, मी वाळलेल्या पट्ट्या गुडघ्यावर गुंडाळतेय. एका आजोबांची चिकटलेली पट्टी निघत नव्हती, ते कळवळत होते, म्हणून मी ती पाण्याने भिजवली. तुम्ही माझा हात धरलात. "जखम कोरडी हवी. कोरडी म्हणजे कोरडी." आवाज चढवला नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. मी अकरा वर्षांची होते.

दोन महिन्यांपूर्वी पेणजवळच्या कासूहून तुमच्या ओळखीच्या एक मावशी आल्या. शेतमजुरी करतात. डायबेटिसने एक बोट आधीच गेलेलं, त्याच पायाच्या तळव्याला बोराएवढी जखम. ही भरली नाही तर पाऊल जाणार होतं. डॉक्टरांनी हायड्रोजेलचं ड्रेसिंग सांगितलं. थंडगार, जेलीसारखी चकती, जवळजवळ सगळं पाणीच. जखम ओलसर राहिली की कडेची नवी कातडी तिच्यावर सरकत येते, म्हणाले. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा समजावलं. मावशींनी मात्र पाय मागे ओढला. "ओल्यानं कुजंल ना गो! तुजा बाप असता तर पावडर मारली असती." घरी जाऊन ती चकती त्या उपटून टाकणार हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "बाबाच सांगायचे, ओली ठेवायची."

त्यांनी ठेवली. दर तीन दिवसांनी यायच्या. उघडताना मी आधी वास घ्यायची, कुजली तर नाही ना म्हणून. मग तळाशी नव्या मांसाचे लाल दाणे दिसू लागले, मग कडेने गुलाबी रेघ. आज जखम पूर्ण मिटली. पाय पुसता पुसता मी खरं सांगून टाकलं.

त्या हसल्याच. "मला ठावं व्हता. तुज्या बापानं माजी टाच पावडर मारूनच सुकवलेली, सा म्हयने लागले."

"मग तुम्ही ऐकलंत कसं?"

"खोटं बोलताना तुजे हात कापत व्हते गो. पोर एवढी घाबरून खोटं बोलते, म्हंजे हिला माजा पाय वाचवायचाच हाय."

बाबा, मी तुमची माफी मागायला हा कागद घेऊन बसले होते. पण ते खोटं फक्त मावशींच्या पायासाठी नव्हतं. माझे बाबा चुकीचं शिकवत होते, हे मला दुसऱ्या माणसासमोर म्हणवलं नाही. हा कागद कुणीच वाचणार नाही, तरी आत्ताही वरच्या ओळीत मी 'तेव्हा सगळे तसंच करायचे' असं आधी लिहिलं होतं, आणि मग खोडलं.