कुठेच न जाणाऱ्या दोन तारा

प्रिय राजवर्धन,

पुण्याची हवा तुला मानवली, असं रुचिकानं कळवलं. मानवणारच. सासुरवाडीत जावयाला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न नसले की तुझी तब्येत नेहमीच सुधारते. सहा आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावर तुझ्या बायकोचं, रुचिकाचं नाव घातलं आहे, म्हणजे निदान उघडलं तरी जाईल.

इकडे सगळं ठीक आहे. पाटणकर बाजारातल्या ऑफिसात तुझी खुर्ची रिकामी असते आणि कामं पूर्वीपेक्षा वेळेवर होतात. लोक विचारतात, "राजाभैया कहाँ हैं?" मी सांगते, युरोपचं काम बघताहेत. आपल्या घरात खोटं बोलायची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे.

युरोपचं काम! आपली कणीक मळायची यंत्रं बाबांच्या वेळेपासून फार तर शेजारच्या भिंड-मुरैन्यापर्यंत जायची. नेदरलँड्सच्या त्या बाईंनी बेकऱ्यांसाठी चौसष्ट यंत्रं मागवली, तेव्हा तू बाड्यावरच्या दुकानातून मिठाई आणलीस आणि कारखान्याच्या शेडमध्ये भाषण ठोकलंस. त्यांची अट एकच होती: मोटर युरोपच्या नियमांत बसणारी हवी. वीज कमी खाणारी, चाचणीचे खरे कागद असलेली, आणि फार तापली तर यंत्र आपोआप बंद करणारी. मी चार महिने शोध घेतला. कोइंबतूरच्या एका कारखान्यानं सगळे अहवाल पाठवले, वर मलाच उलट प्रश्न विचारले, आणि चौदा आठवडे थांबा म्हणाले. प्रश्न विचारणारा विक्रेता म्हणजे खरा माणूस, हे मी तुला सांगितलं. तू हसलास. एक अख्खी दुपार मी तुला नियम समजावले आणि शेवटी तू विचारलंस, "ताई, वो सीई का निशान मिळतं कुठे?" जणू काही युरोपच्या मान्यतेचं ते चिन्ह इंदरगंजच्या बाजारात डझनावर मिळतं.

तुझ्या दिल्लीच्या मित्राकडे मिळालं म्हणे. नऊ दिवसांत मोटरी हजर. "ते लोक फक्त स्टिकर बघतात ताई, अंदर कौन झाँकता है?"

कान्होजी झाँकतात. बत्तीस वर्षं आपल्या शेडमध्ये मोटरी बांधणारा माणूस तो. तुझ्या हाताला पहिलं वाइंडिंग, मोटरीची तार गुंडाळणं, त्यांनीच शिकवलं. तुला ते जमलं नाही, यात त्यांचा दोष नाही. नमुन्याची मोटर त्यांनी तपासली होती आणि ती चांगली होती. त्या भरवशावर पहिली बारा यंत्रं मी सही करून रवाना केली. दुसऱ्या खेपेतलं एक यंत्र त्यांनी मुद्दाम घट्ट कणीक घालून अडवून ठेवलं. मोटर बंद पडायला हवी होती. ती तापत गेली आणि शेडभर धूर झाला. कान्होजींनी मेन स्विच खाली ओढला म्हणून शेड वाचलं.

नेमका तेव्हाच तू पाहुण्यांना घेऊन आत आलास. सगळ्या कारागिरांसमोर काय म्हणालास, ते तुला आठवत नसेल, कारण तुला फक्त स्वतःला सोयीचं आठवतं. "काका, कनेक्शन उलटा लगा दिया आपने. अब नज़र नहीं रही, घर बैठिए." त्यांनी पान्हा पुसून जागेवर ठेवला आणि ते गेले. मी तिथेच उभी होते. मीही गप्प राहिले. हे पत्र तुला हिणवण्यासाठी आहे, पण माझा तेवढा वाटा मी काढून ठेवते.

चार दिवसांनी मी ती मोटर स्वतः उघडली. थर्मलच्या, म्हणजे मोटर तापली की ती बंद करणाऱ्या भागाच्या, दोन तारा बाहेर व्यवस्थित आल्या होत्या, रंगीत नळी घातलेल्या, अगदी नेमक्या. आत दोन बोटं अंतरावर त्या नुसत्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या. पुढे काहीच नव्हतं. दोन्ही तारा कुठेच जात नव्हत्या. कनेक्शन उलटं लावा की सुलटं, ती मोटर थांबणारच नव्हती. वरची चकचकीत पाटी उचकटली, तर खाली दुसरी निघाली, साध्या मोटरीची. प्रमाणपत्राचा क्रमांक मी त्यावर नाव असलेल्या प्रयोगशाळेला कळवला. त्यांचं उत्तर आलं, हा क्रमांक केस वाळवायच्या यंत्राचा आहे. राजा, फसवणूकसुद्धा तुला धड निवडता येत नाही.

बाईंना मी सगळं लिहिलं. त्यांनी त्याच दिवशी बाराही यंत्रं बंद करवली, बाकीची मागणी रद्द केली आणि एका ओळीत आभार मानले. कुणाला इजा झाली नाही. तू इथे असतास तर म्हणाला असतास, "देखा, कुछ नहीं हुआ ना?"

झालं ते असं. कान्होजी बिरलानगरमध्ये एका मोटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम मागायला गेले. मालकानं त्यांना परत पाठवलं, कारण तू त्याला आधीच फोन करून सांगितलं होतंस, बुढ्ढे की नज़र गई. परवा मी गोरखी मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, लीलाताईंनी चहा ठेवला. कान्होजींनी खाली बघत विचारलं, "ताईसाहेब, खरंच माझंच कनेक्शन चुकलं होतं का? मी रोज आठवून बघतो." मी त्या दोन तारा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, "हे तुम्ही सांगता. धाकटे साहेब काय म्हणतात?" मी तुझ्यावर कितीही थुंकले तरी त्या माणसाला तुझाच शब्द हवा आहे, कारण तो शब्द सगळ्यांसमोर बोलला गेला होता. म्हणून हे पत्र. सोबत एक कागद आहे, त्यावर चारच ओळी आहेत: मोटर कान्होजींनी जाळली नाही, ती खोटी होती, ती मी आणली, आणि मी खोटं बोललो. खाली सही कर आणि पाठव. सोमवारी मी तो शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि त्याची एक प्रत बिरलानगरला नेऊन देणार आहे. स्वतः येऊन त्यांच्यासमोर उभं राहून बोललास तर कागद लागणार नाही. पण तेवढं मी तुझ्याकडून धरलेलं नाही, म्हणून पेनही पाकिटात घातलं आहे.

तुझीच, दुर्दैवानं सख्खी,
सीमंतिनीताई