नव्या नळाचं पाणी

प्रिय आई, नमस्कार.

मी ठीक आहे, खोली उबदार आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

खाणीमुळे इथल्या डोंगरातला झरा आटला, म्हणून कंपनीने गावाला नळ दिला. काल उद्घाटन झालं. त्या पाण्यात शिसं आहे, हे मी तपासून साहेबांना आधीच सांगितलं होतं. "कार्यक्रम होऊ दे, मग बघू," म्हणाले.

एका आजींनी पहिला पेला माझ्यापुढे धरला. "पोरी, तूच तपासलंस ना? मग आधी तू पी." मी तो ओतून दिला आणि कारण सगळ्यांसमोर सांगितलं.

आज मला कामावरून काढलं. निघताना आजी त्याच नळावर हंडा भरत होत्या. मी थांबवलं, तर म्हणाल्या, "मग दुसरं कुठलं पिऊ, ते सांग."

बाबांना सुट्टीवर येतेय म्हण.

तुझी थोरली